हाफटाइमची शिट्टी

घरत सर वाचताना विरामचिन्हांना शिट्टी वाजवत. स्वल्पविरामाला छोटी, पूर्णविरामाला लांब. ते मुळात पी.टी.चे शिक्षक. आमच्या बदलापूरच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंची बदली झाली, नव्या बाई येईनात, तेव्हा हेडमास्तरांनी इंग्रजीचा तास सरांच्या गळ्यात घातला. गळ्यात शिट्टी आधीपासून होतीच.

सर चामटोलीचे. अंगाने आडवे, रंगाने चुलीवरच्या तव्यासारखे, आणि त्या रंगाचा त्यांना कोण अभिमान. "माजा आजा मिठागरावर व्हता," ते सांगत. "मीठ पांढरं, आजा काला. मंग बोला, कोनी कोनाला बनवलं?" आम्ही पोरं "आज्यानं मिठाला" असं एका सुरात ओरडायचो आणि इंग्रजीचा तास संपायचा.

पाठ्यपुस्तकातले धडे सरांना पुचाट वाटत. ते मन लावून शिकवत ती उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेली एक जुनी परदेशी कादंबरी. तिच्यात एक गोरा वकील खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या माणसासाठी सगळ्या गावाच्या विरोधात कोर्टात उभा राहतो. वकिलाचं भाषण सर टेबलावर चढून करत. पुस्तक त्या भाषणापाशीच संपायचं, कारण पुढची पानं कुठल्या तरी भेळवाल्याकडे गेली होती. सरांचं त्यावाचून काही अडत नसे. "येवडं बोलल्यावर कोन हरल?" असं म्हणून शेवट ते स्वतःच सांगत. काळा माणूस सुटला, गावात नाचायला बेंजो लागला, मिरवणूक निघाली आणि वकिलाच्या दारात मटण-वडे झाले. परीक्षेत मी वड्यांचं सविस्तर वर्णन केलं आणि मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

कॉलेजात गेल्यावर ती कादंबरी मला अख्खी मिळाली. वकील हरतो. बेंजोचा तर पत्ताच नाही. मी चिडून पुस्तक आपटलं. पण सरांना काही बोलले नाही. भाविकाला देवळाचा गाभारा गळतोय हे कुणी सांगायचं?

निवृत्तीनंतर सर बदलापुरातच, शिरगावला आमच्याच सोसायटीत राहायला आले. गॅलरीत सुकट वाळत घालत आणि चेअरमनची तक्रार आली की शिट्टीने उत्तर देत. असं छान चाललं होतं. मग आमच्या मजल्यावरचा रिकामा फ्लॅट त्याच्या सिंधी मालकाने जोसेफला भाड्याने द्यायचं ठरवलं. जोसेफ टांझानियाचा, अंबरनाथच्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला आलेला. शांत, सहा फुटी पोरगा. तो बॅग घेऊन गेटवर आला आणि सोसायटीची तातडीची मीटिंग लागली. तो बिचारा वॉचमनच्या बाकावर बसून राहिला.

"रंगाचा प्रश्नच नाही," चेअरमन म्हणाले. "पण लहान मुलं घाबरतील."

फुर्रर्र. "फाउल," सर म्हणाले. "पोरं जनमभर मना घाबरली. मना कोनी घर नाकारलं नाय."

"त्यांच्या स्वयंपाकाला वास येतो म्हणे."

फुर्रर्र. "वासावर मानूस काढायचा तं पयला मना काढा."

यावर बऱ्याच जणांनी आशेने एकमेकांकडे पाहिलं. मग सर खुर्चीवर चढले आणि वकिलाचं ते भाषण त्यांनी पूर्ण केलं, विरामचिन्हांसकट. मतदान झालं. जोसेफच्या बाजूने हात वर आले दोन. एक सरांचा, एक माझा. मालकाने फोनवरच हात टेकले, "साईं, मुझे झगडा नहीं मांगता."

जिन्यात सर एकदम म्हातारे दिसले. "पुस्तकात तं तो जिंकला, पोरी."

मला राहवलं नाही. "सर, पुस्तकातही तो हरतो."

ते पायरीवरच बसले. "मंग बेंजो?"

"नाही."

"वडे?"

"नाही हो सर."

त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "हरनार हे त्याला आदीच ठाव व्हतं?"

"बहुतेक."

"तरी उबा रायला?" मी मान डोलावली. "मंग तो माज्यापेक्षा भारी निंगाला. मना वाटलं जिंकनार, म्हनून मी उबा रायलो." ते गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चल. हाफटाइम झालाय निस्ता."

खाली जाऊन त्यांनी जोसेफची बॅग खांद्यावर मारली आणि त्याला घेऊन थेट आपल्या घराकडे निघाले. चेअरमन आडवे आले. "सर, ठराव झालाय. भाडेकरू ठेवता येणार नाही."

"भाडेकरू कुटं? पाव्हना हाय."

"किती दिवस?"

"पाव्हन्याला जेवला का इचारतात. दिवस कोन इचारतं?"

पाहुणा शिक्षण संपेपर्यंत राहिला. सुकटीची चटणी सरांपेक्षा चांगली करू लागला. सर घरी पोरांची इंग्रजीची शिकवणी घेत, तेव्हा शिट्ट्या कधी सरांच्या असत, कधी त्याच्या. चेअरमनचा नातू गणितातली अडचण घेऊन त्याच्याकडे जाऊ लागला आणि हळूहळू जेवूनही येऊ लागला.

जोसेफ पास झाला त्या दिवशी सरांनी चामटोलीहून बेंजो बोलावला. गावी परत जायला निघालेल्या त्या सहा फुटी पोराला फेटा बांधून शिरगावभर मिरवलं. मागे बिल्डिंग नाचत होती. दारात मटण-वडे होते आणि चेअरमन तिसऱ्यांदा वाढून घेत होते.

सर ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. डोळे पुसले, वडा मोडला आणि म्हणाले, "बघ पोरी. भेलवाल्यानं नेलेलं पान."