दोन गोळ्यांची वाटणी

"ए, गुप्तरोगवाली कोण हाय? ऊठ, पुढं ये."

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात शिपायाने मला अशी हाक मारली. त्या दिवशी लसीकरण होतं. बाकांवर बायका पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यातल्या दोघी माझ्याच कंपनीतल्या, पॅकिंग लाइनच्या. सगळ्यांच्या माना वळल्या. मी उठले. न उठून सांगते कुणाला? ओटीपोटात कळ मारत होती, लघवीला आग होत होती.

डॉक्टरने मान वर न करता विचारलं, "कितीजणांकडं जातेस?"

"एकच नवरा हाय, साहेब. कंटेनरवर ड्रायव्हर."

"गाव कुठलं?"

"ऱ्हायला शिक्रापूरला. गाव खुटबाव. बौद्धवाडा."

"वाटलंच," तो म्हणाला. एवढंच. त्या एका शब्दात त्याने माझी आई, आजी, सगळ्या धुऊन काढल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने आमची घरमालकीण आत आली. आम्ही भाड्याने राहतो त्या खोल्यांची मालकीण. बागायतदाराची बायको. डॉक्टर खुर्चीतून उठला. "या वहिनी, बसा." तिला गाव नाही विचारलं, माणसं नाही मोजली. जाताना तिच्या हातात मला मिळालं तसंच गोळ्यांचं करडं पाकीट होतं. ते तिने पदराखाली घेतलं. रोग एकच, दारं दोन.

सिस्टर मला म्हणाली, "औषध दोघांनी घ्यायचं, न्हाईतर परत होईल. नवऱ्याला पाठव."

नवरा कसला जातोय! "मला काय धाड भरलीय?" म्हणाला. पण पाकीट उघडून बघितलं. आत दोन गोळ्या. "दोघांनी घ्यायचंय ना? मग एक तुला, एक मला." भाकरी मोडून द्यावी तशी गोळी माझ्या हातावर ठेवली. मला बरंच वाटलं. त्याने घेतली तरी, म्हटलं.

काही दिवसांनी कळ परत सुरू. परत तीच हाक, तेच बाक. डॉक्टर ओरडला, "कुठं कुठं तोंड मारतेस गं?" मी वाटणीचं सांगितलं. तो खो खो हसला. सिस्टर हसली नाही.

"दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या असत्यात, बाई. अर्धवट औषधानं रोग मुरतो, मग साध्या गोळ्यांना दाद देत न्हाई. आजकाल अशा लई जणी परत परत येत्यात. नवरा एकीचाबी येत न्हाई." मग हळूच म्हणाली, "असंच चाललं तर मूल ऱ्हायचं न्हाई."

सासू मला आत्ताच वांझ म्हणते. नवं पाकीट तिथंच फोडलं आणि सिस्टरसमोर दोन्ही गोळ्या गिळल्या.

घरी नवऱ्याने हात पुढे केला. "माझी कुठाय?"

"दोन्ही म्या खाल्ल्या."

त्याने कानफटात मारली. मी हलले नाही.

"मारा. तुमच्या गोळ्या शिरूरला हायती. बाकावर बसा. शिपाई वरडंल, गुप्तरोगवाला कोण हाय, तवा उठा. तोवर माझ्या अंगाला हात लावायचा न्हाई."

तो अजून गेलेला नाही. मारतो. माहेरी कुणी उरलं नाही, खोलीचा भाडेकरार त्याच्या नावावर, माझ्या पगारात दुसरी मिळत नाही. हे सगळं मला ठाऊक आहे. पण आता अंथरुणं दोन आहेत. मध्ये विळी ठेवलेली असते, पातं त्याच्या बाजूला. तो त्या बाकावर बसेपर्यंत मी ती उचलणार नाही.