धाकट्याचे चार टाके

मास्तरांनी जन्मात एकाच माणसाचा हेवा केला, आणि तो माणूस त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मास्तर म्हणजे शिंपी. तीस वर्षं पुरुषांच्या विजारी शिवत आलेले. हात इतका सफाईदार, की उलटी केलेली विजार सुलटीइतकीच देखणी दिसायची. धाकटा रंगारी. उंच इमारतींना दोरावर लोंबकळून रंग द्यायचा आणि वर गाणी म्हणायचा. लहानपणी दोघांना एकाच आठवड्यात गोवर आला, तेव्हा धाकटा चौथ्या दिवशी अंगणात आणि मास्तर महिनाभर अंथरुणात. पुढेही सगळं तसंच. मास्तरांचं टक्कल चाळिशीत चमकायला लागलं, धाकट्याचे केस पन्नाशी उलटली तरी काळेभोर.

मग धाकट्याला शौचातून रक्त जायला लागलं. तपासणीत आतड्यात गाठ निघाली. सर्जनबाईंनी पोटावर चार बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून तेवढा तुकडा काढला आणि आतडं पुन्हा जोडून दिलं. धाकटा पाचव्या दिवशी घरी आला. महिन्याभरात शिडीवर.

"दादा, सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यायला हवं म्हणतात बाई," तो म्हणाला. "तू जाच."

मास्तर गेले. त्यांच्याही आतड्यात गाठ होती, पण लहान. वेळेवर सापडली म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. मास्तरांना मात्र हेही टोचलंच. आता आपला जीवसुद्धा धाकट्याच्या कृपेने वाचायचा तर!

सर्जनबाई त्याच, खोली तीच, छेदही चारच. पण धाकट्याला दुसऱ्या दिवशी वारा सरला होता आणि मास्तरांचं पोट चौथ्या दिवशीही दगडासारखं गप्प. धाकटा रोज येऊन विचारायचा, "काय दादा, सुटला का?" जगात कुणी भावाच्या असल्या गोष्टीचा हेवा केला नसेल. मास्तरांनी केला.

पाचव्या दिवशी ताप चढला, छाती धडधडायला लागली, पोटाला हात लावू देईनात. तपासणी झाली आणि सर्जनबाई पलंगाशी येऊन बसल्या.

"आतड्याचा जोड गळतोय, मास्तर. पुन्हा आत जावं लागेल. या वेळी पोट उघडून."

"म्हणजे शिलाई उसवली?"

"असंच समजा. शिलाई चांगली असली तरी कधी कधी कापड धरत नाही. यात तुमची चूक नाही."

मास्तर शुद्धीवर आले तेव्हा बेंबीच्या वरपासून खालपर्यंत लांबलचक शिवण होती, बाजूने एक नळी निघालेली, आणि उजवीकडे पोटाला चिकटवलेली पिशवी. आतड्याचं एक टोक बाहेर काढून मळाची वाट तिकडे वळवली होती. जोड भरून येईपर्यंत, काही महिन्यांपुरती. बायकोने न कचरता पिशवी बदलायला शिकून घेतलं. मास्तर तोंड भिंतीकडे फिरवून घ्यायचे.

दुसऱ्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी धाकटा आला तोच हातावर रंगाचे शिंतोडे घेऊन. त्याने सदरा वर केला. "हे बघ दादा, माझे टाके आता दिसतसुद्धा नाहीत. तुझंही होईल असं."

त्याला धीरच द्यायचा होता. पण मास्तरांनी ते सपाट, सावळं पोट पाहिलं आणि आयुष्यभराचं साठलेलं तोंडावर आलं.

"तुझं उसवायला हवं होतं," ते म्हणाले. "माझं नाही. तुझं."

बायकोच्या हातातला पेला तसाच राहिला. धाकट्याने सदरा खाली केला, खोचला आणि निघून गेला.

पुढचे तीन दिवस तो आला नाही. पहिल्या दिवशी मास्तरांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दाराकडे बघून बघून मान अवघडली. तिसऱ्या दिवशी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कामावर असेल ना तो?"

"कामावर कुठला?" बायको म्हणाली. "खाली औषधांच्या दुकानाशी बाकावर बसलेला असतो रोज संध्याकाळी. मी चिठ्ठी दिली की औषधं आणून देतो. तुम्हाला सांगू नको म्हणालाय."

मास्तरांनी अंगावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, "मला उठव."

नळी, सलाइनची काठी आणि बायकोचा खांदा, असं लटांबर घेऊन ते लिफ्टने खाली उतरले. धाकटा त्यांना पाहून धडपडत उठला.

"अरे, वेडा आहेस का? चालायला कुणी सांगितलं तुला?"

"बस," मास्तर म्हणाले. स्वतःही बसले, दम खात. "मला तुझा हेवा वाटतो. गोवर आला तेव्हापासून. हे काही आजचं नाही."

"माहितीये मला."

"माहितीये?"

"दादा, माझ्या लग्नाचा कोट तू शिवलास. एक बाही अर्धा इंच आखूड होती. तुझ्या हातून अर्धा इंच चुकतो होय?"

मास्तर हसले, तशी लांब शिवण अशी कळवळली की दोन्ही हातांनी पोट धरावं लागलं. धाकट्याने त्यांच्या पाठीला हात लावला आणि तसाच ठेवला.

नळी पुढच्या आठवड्यात निघाली. पिशवी साडेचार महिने राहिली. तेवढ्या काळात मास्तर स्वतः ती बदलायला शिकले, उंच कमरेच्या दोन सैल विजारी शिवून घातल्या आणि दुकानात अर्धा दिवस बसू लागले. मग सर्जनबाईंनी बाहेर काढलेलं टोक पुन्हा आत जोडलं, आणि या वेळी जोड टिकला. पहिले काही आठवडे दिवसातून आठ-आठ वेळा पळावं लागायचं. हळूहळू तेही तीनवर आलं.

हेवा काही गेला नाही. धाकटा शीळ घालत दोन-दोन पायऱ्या चढून दुकानात आला की मास्तरांच्या छातीत अजून बारीकशी टाचणी टोचते. फरक एवढाच, की आता ते बोलून टाकतात.

"हळू चढ रे मेल्या. बघवत नाही."

"मग बघू नकोस," धाकटा म्हणतो, आणि कापायच्या टेबलावर, नेमका खडूने आखलेल्या कापडावर, ऐसपैस बसतो.