रंगाऱ्याच्या टबातलं पाणी

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी तिने टबाचं झाकण उचललं आणि आधी पाण्यावर नाक नेलं. हॉस्पिटलच्या धुलाईघरात बावीस वर्षं काढल्यावर तिला ती सवयच लागली होती. चादर पसरून बघायच्या आधी ती हुंगायची. ब्लीच जास्त पडलं की नाकाला झोंबतं, कापड विरतं आणि पेशंटच्या अंगाला खाज सुटते. तिच्या नाकापुढे मशीनचा काटाही खोटा, असं धुलाईघरात सगळे म्हणत आणि तिलाही ते पटलेलं होतं.

आज वास कालच्यापेक्षा उग्र होता. क्लोरीनची पूड तिने चमचाभर काढली, मग त्यातली निम्मी परत डब्यात झटकली. उरलेली टाकतानाही तिचा हात आखडला.

"अहो, या."

नवरा भिंतीला धरून आला. तो घरं रंगवायचा. मणक्याच्या आजाराने त्याची मान गेली होती, वर बघता येत नव्हतं. छत आता जोडीदार रंगवायचा आणि हा खांद्याच्या खालचं बघायचा. "मी अर्ध्या भिंतीचा रंगारी," असं तो गिऱ्हाइकालाही सांगे. सकाळी उठताना पाठ फळीसारखी असायची. बंद पडलेल्या एका व्यायामशाळेतून आणलेला हा गरम पाण्याचा टब मागच्या खोलीत बसवला, तेव्हापासून तो मोजे स्वतः घालू लागला होता. मोजे घालता आले की कामावर जाता येत होतं. टब गेला की काम गेलं, हिशेब इतका साधा होता.

आणि टब जाण्याची वेळ आली होती. नवऱ्याच्या कमरेला, चड्डीच्या कडेने, लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. त्वचेच्या डॉक्टरांनी विचारण्याआधीच तिने सांगून टाकलं होतं, "क्लोरीन सोसत नाही त्यांना." डॉक्टर म्हणाले, आठवड्यात कमी झालं नाही तर टब बंद करा. आठवडा उद्या संपत होता. पुटकुळ्या मांड्यांपर्यंत उतरल्या होत्या.

म्हणून आज मीठ. टबात मिठाचं मशीन बसवलं की समुद्रासारखं मऊ पाणी मिळतं, केमिकलची कटकट संपते, असं जाहिरातीत होतं. तिने ती इतक्यांदा पाहिली होती की आता तिला दुसरं काही सुचतच नव्हतं.

फिटर दुपारी चारला आला. हातात दोन खोकी होती.

"कोणतं बसवू, ताई? हे पाइपात बसतं. हे काठावरून पाण्यात सोडायचं."

"ज्यात क्लोरीन नाही ते."

"तसं यात एकही नाही."

 फिटरने खोकी खाली ठेवली. "पाण्यात मीठ विरघळतं, मशीन त्यातून करंट सोडतं आणि त्या मिठातूनच क्लोरीन तयार होतं. दुसऱ्या जातीचं मीठ घातलं तर ब्रोमीन तयार होतं. त्याचा वास कमी. पण तेही जंतू मारायचं केमिकलच."

"जाहिरातीत तर केमिकल नाही म्हणतात."

"जाहिरातीत पाण्यात बसून हसणारी बाईपण असते. ती काय खोक्यातून निघत नाही."

"मग राहू दे, परत घेऊन जा," नवरा उंच स्टुलावरून म्हणाला.

तिला हसू आलं नाही. "इकडे माणसाचं अंग भाजून निघालंय क्लोरीनने, आणि तुम्ही आणखी क्लोरीनचंच मशीन विकताय?"

"रोज किती घालता?"

"जवळजवळ नाहीच."

फिटरने काचेच्या नळीत टबातलं पाणी घेतलं, बाटलीतून थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. रंग बदलायला हवा होता. बदलला नाही.

"यात जंतू मारण्यापुरतं क्लोरीन शिल्लकच नाही."

"शिल्लक नाही? हुंगून बघा की!"

"आत आल्या आल्या हुंगलं. घाम, मलम, मळ यांच्याशी झुंजून जे खर्ची पडतं, त्याचा हा वास. ताजं पुरेसं असलं तर एवढा वास येत नाही. तुम्ही धुलाईघरात दर खेपेला पाणी फेकून देता, ताई. इथे तेच पाणी फिरत राहतं."

 वास वाढला की पूड कमी. पूड कमी केली की वास आणखी वाढायचा आणि दुसऱ्या दिवशी ती आणखी कमी घालायची. असा जवळजवळ महिना गेला होता. रोज पहाटे, त्याच्याच जिवासाठी.

"म्हणजे या पुटकुळ्या..."

"ते डॉक्टरच सांगतील. मी नळकामाचा माणूस. पण असल्या पाण्यात बसणाऱ्यांच्या अंगावर असलं उठलेलं मी पाहिलंय." त्याने नवऱ्याकडे बघितलं. "दादा, दुसरं काही औषध चालू आहे?"

"मणक्यासाठी इंजेक्शन घेतो, दर महिन्याला."

ते इंजेक्शन अंगातली प्रतिकारशक्ती दाबून ठेवायचं. पहिल्या दिवशीच हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, बारीकसा संसर्ग झाला तरी फोन करा. दोन दिवस त्याचं अंग कढत लागत होतं. टबातून निघालेल्या माणसाचं अंग गरम असणारच, असं म्हणून तिने थर्मामीटर कपाटातून काढलाच नव्हता.

आता काढला. ताप होता.

हाडांच्या डॉक्टरांना फोन लावायला ती स्वयंपाकघरात गेली. बाहेर आली तेव्हा तिने सगळं एका दमात सांगितलं. "टबात पाय घालायचा नाही. डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत इंजेक्शन बंद. थंडी वाजली, ताप चढला तर रात्रीच या. नाहीतर उद्या रक्त तपासायला."

"टबही नाही आणि इंजेक्शनही नाही?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग मी उठणार कसा?"

 मग तोच म्हणाला, "अख्ख्या हॉस्पिटलच्या चादरी धुतल्यास गं, घरातला नवरा तेवढा मळका राहिला."

"गप्प बसा हो."  पाठ वळवून ती फिटरला म्हणाली, "कोणतं घ्यायचं ते सांगा. हे बरे झाल्यावर मला पुन्हा घोळ नकोय."

"मशीन लावलं म्हणजे पाठ फिरवायची नाही. ते थोडं थोडं बनवत राहतं, एकदम जास्त, एकदम कमी होत नाही, एवढाच त्याचा फायदा. थेंबांची तपासणी करायचीच. नाकाने नाही."

"नाकाने नाही," ती म्हणाली.

तिने काठावरचं घेतलं, ब्रोमीनच्या मिठाचं. पाइपातल्यासाठी जुने पाइप कापावे लागले असते आणि हे बाहेर काढून धुता येणार होतं. पण ते लगेच लावता येत नव्हतं. आधी पाइपांत सफाईचं औषध फिरवायचं, मग सगळं पाणी काढायचं, टब घासायचा, नवं पाणी भरून तापवायचं आणि मग मीठ. टबात पाणी सोडणाऱ्या पाइपाच्या एका तोंडात फिटरने बोट घालून बाहेर काढलं. बोटाला बुळबुळीत, राखाडी थर आला होता. तो थर तिने जवळून बघितला. हुंगला मात्र नाही.

औषध फिरवून झाल्यावर तिने खालची तोटी उघडली. पाणी गटाराकडे जाऊ लागलं. नवरा स्टुलावरून बघत होता. त्याला खाली उतरवायला तिला आणि फिटरला दोन्ही बाजूंनी धरावं लागलं.

उद्याची सकाळची पाळी तिने शेजारच्या मशीनवरच्या बाईशी बदलून घेतली आहे. रक्त घेण्याची खिडकी आठला उघडते. ती दुपारी दोनला कामावर जाईल.