मनात म्हटलेली प्रार्थना

शमुवेल कंपाउंडरचे कार्ड आले तेव्हा मी धुळ्याच्या शाळेत वर्गावर होतो. कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कोणीतरी गेले हे वाचण्याआधीच कळले. नील्ससाहेब विषमज्वराने गेले होते. वय अवघे एकोणतीस. शिपायाने विचारले, "गुरुजी, घरचं कोणी?" मी नाही म्हटले आणि फळ्याकडे वळलो. त्या 'नाही'ची लाज मला गेले दीड महिना वाटते आहे.

यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका खेड्यात नील्ससाहेब मिशनचा दवाखाना चालवीत. स्वीडनहून आले तेव्हा त्यांना मराठी शिकवायला माणूस हवा होता, आणि मी इंटरला इंग्रजीत नापास होऊन घरी बसलो होतो. वडील तेलाच्या घाण्यावर राबत. आमच्या घरात स्वतःची सही करणारा मीच पहिला. सकाळी मी साहेबांना मराठी शिकवायचो, दुपारी ते मला इंग्रजी. पुढे मी इंटर झालो, पुण्याला जाऊन बी.ए. झालो, ते त्या दुपारांमुळे. हे मी त्यांना नीट कधी सांगितले नाही.

ते पहाटे उठून स्वतः नदीवरून पाणी आणत. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हाताने खायला शिकले, ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी काढत आणि तरी आणखी मागत. मग ओसरीवर रोगी जमत, ज्याची त्याची बाटली हातात. बहुतेकांना हिवताप, कोणाला खरूज, कोणाचे डोळे आलेले. औषध दिले की साहेब जमिनीवर गुडघे टेकत, रोग्याच्या डोक्यावर हात ठेवत, मग तो गावात कोणी शिवत नसेल असा असला तरी, आणि मोठ्याने प्रार्थना म्हणत. चार ओळींची ती प्रार्थना मराठीत मीच करून दिली होती. रविवारच्या उपासनेला मात्र शमुवेल, त्याची बायको आणि भिडेखातर मागे बसलेला मी, एवढेच. चार वर्षांत कोणी ख्रिस्ताकडे आले नाही. गावातले नाना त्यांना थट्टेने म्हणत, "साहेब, तुमचा देव चांगला हाये, पन आमचे बी आहेतच ना घरात." साहेब हसत. रात्रंदिवस त्यांना एकच ओढ होती, आपण ज्याच्याशी बोलतो तो यांनाही कळावा.

मी बी.ए. होऊन सुटीत परत आलो, तेव्हाची गोष्ट. एक शेतकरी पाय सुजलेला बैल घेऊन ओसरीपुढे उभा राहिला. औषध लावून झाले तरी हलेना. म्हणाला, "साहेब, ते बी म्हना ना याच्यावर." जमलेल्या बायका पदराआड हसल्या, पण तो थट्टा करीत नव्हता. साहेबांनी बैलाच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना म्हटली. मग आत येऊन मला विचारले, "मास्तर, हे लोक मला काय समजतात?" मला तेव्हा नव्या पदवीचा ताठा होता. मी म्हणालो, मांत्रिक समजतात. तुम्ही मोठ्याने म्हणता तोवर यांना ती औषधाची दुसरी पुडीच वाटणार. मनात म्हणा, म्हणजे कधीतरी विचारतील, तेव्हा सांगा. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ओठ मिटले.

महिना झाला असेल. केळीच्या बागेत मजुरीला जाणारी कौसाबाई तिच्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. ताप डोक्यात गेलेला. साहेबांनी दोन दिवस तिच्यापाशी बसून सर्व उपाय केले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. त्यानंतर आठवड्याने कौसाबाई औषधाची बाटली राखेने घासून, धुऊन परत करायला आली. रडली नाही, भांडली नाही. बाटली ठेवून म्हणाली, "साहेब, सगळ्यांवर म्हनत व्हते, माह्या पोरीवर नई म्हटलं. माहं काही चुकलं व्हतं का?"

साहेब कसेबसे म्हणाले, "बाई, मी मनात म्हटली होती."

"मनात म्हटलेलं पोरीले कसं आयकू येईन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मास्तरांनी सांगितले म्हणून, असे ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही...

त्यानंतर ते पुन्हा मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले. मी धुळ्याला नोकरीवर रुजू झालो. पत्रे येत. एका पत्रात लिहिले होते, "पूर्वी बोलताना समोर कोणी आहे असे वाटे. आता माझाच आवाज मला ऐकू येतो." मी उत्तरात हवापालट करा असे लिहिले. नाताळात भेटलो तेव्हा गालफडे बसली होती. निघताना त्यांनी विचारले, "मास्तर, त्या मुलीने तरी ऐकले असेल का?" तो माझा सल्ला चुकला होता, एवढे मी तेव्हा बोलायचे होते. पण गाडी लागली होती, आणि मी पुढच्या सुटीवर ढकलले. शमुवेलने कार्डात लिहिले आहे की शेवटचे दोन दिवस तो उशाशी मोठ्याने प्रार्थना करीत होता आणि साहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते.

मागच्या रविवारी तिकडे गेलो. ओसरीवर शमुवेल आहे ती औषधे वाटत होता. कौसाबाई आली होती, तिच्या मांडीवर धाकटा मुलगा थंडीने कुडकुडत होता. क्विनीन पाजून झाले तरी ती उठेना. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, साहेबाचं ते तुम्हाले पाठ हाये ना. म्हना." मी ख्रिस्ती नाही, आणि वर कोणी ऐकते की नाही हेही मला ठाऊक नाही. तरी मी गुडघे टेकले, मुलाच्या तापल्या डोक्यावर हात ठेवला आणि चारही ओळी न चुकता म्हटल्या. तिने मान वर केली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "साहेब मधात नाव घेत."

मी मुलाचे नाव विचारले. तिने सांगितले. मी पुन्हा सुरुवात करणार तोच तिने माझ्या मनगटाला हात लावला.

"आन् तिचं बी घ्या. तिचं राह्यलं."

त्या मुलीपाशी मी दोन दिवस साहेबांच्या शेजारी बसलो होतो. तिचे नाव मला विचारून घ्यावे लागले.