स्कूटरचा नंबर

मी चिंचवडला स्कूटरच्या कारखान्यात चाकं बसवायचो. त्या काळी स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. स्वतःच्या स्कूटरसाठी मात्र बाकीच्यांसारखाच नंबर लावून बसलो होतो.

बायकोला मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली हरणं बघायची होती. आमची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी ती म्हणायची, "अहो, रेल्वेनं जाऊ की. स्वस्तात होईल."

मी खेकसायचो, "रोज लोकांच्या स्कूटरी जोडतो आणि तुला डब्यात उभी करून नेऊ? नंबर लागू दे. तिकिटांपेक्षा पेट्रोल स्वस्त पडेल."

मागे बसल्यावर केस उडू नयेत म्हणून तिनं जुन्या साडीचा एक रुमालही शिवून ठेवला.

सातव्या वर्षी नंबर लागला. तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं आटोपलं. स्कूटर मी घेतलीच नाही.

पुढच्या गुरुवारी तो रुमाल खिशात घातला आणि चिंचवडला सकाळच्या रेल्वेत बसलो. बसायला जागासुद्धा मिळाली. दुपारी हरणांच्या कुंपणाशी उभा होतो.

एवढंच लांब होतं ते.