धबधब्यातला वरवंटा

नव्वदनंतरची गोष्ट. नेरुळच्या आमच्या रो-हाउसमागे दहा बाय बारा फुटांची जागा होती. तिथे दगडांचा छोटा धबधबा करायचं मी ठरवलं. लग्नानंतर अकरा वर्षांनी नणंदेला दिवस गेले होते आणि तिला बाळंतपणासाठी आणायला सासूबाई पुण्याला गेल्या होत्या. त्या पंधरा दिवसांनी परतायच्या आत काम उरकायचं, म्हणून वही उघडली. काळा दगड, वाळू, सिमेंट, कूलरचा पंप, नळी. डासांसाठी गप्पी मासे. गवंडी उरणकडचे मिळाले.

पाणी ज्यावरून घसरेल असा सपाट दगड मात्र मिळेना. मग जिन्याखाली पाटा दिसला. मिक्सर आल्यापासून तो तसाच पडून होता. छिन्नीने टाकी लावून खडबडीत केलेल्या त्या पाट्यावरून पाणी बारीक थरथरत उतरायला लागलं. खाली पाणी पडतं तिथे मी वरवंटा बसवायला सांगितला आणि वहीत दोन्हींपुढे खूण केली.

परतल्यावर सासूबाई धबधब्यासमोर खुर्ची टाकून बसल्या.

"छान केलंयस गं. वरवंटा कुठाय?"

मी बोट दाखवलं.

"सिमेंटात?"

"हो."

त्यांनी चहा बाजूला ठेवला. "बारशाला माझ्या तिन्ही पोरांच्या आधी तोच पाळण्यात घातला होता. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. आता हिच्या बाळाचंच तेवढं राहिलं होतं."

"नवीन आणू."

"आण की. यादीत लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवंड्यांना बोलावलं. छिन्नी मारताना वरवंटा फुटला तर, या विचाराने मला रात्रीपासून काही सुचत नव्हतं. त्यांतला एक उकिडवा बसला, त्याने पाण्यात हात घातला आणि वरवंटा उचलून माझ्या हातात दिला.

"पाट्याला शिमिट लावलंय, ताई. याला नाय. खाली नुसती रेती हाय. आमच्यात पन पालन्यात घालतात. वरवंट्याला कोन शिमिट लावील?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी वहीत लिवत होता."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या इतक्या हसल्या की नणंद उठून बाहेर आली. त्यांनी वरवंटा पुसून देवघराखाली ठेवला आणि गवंड्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

नणंदेला मुलगी झाली. बारशाला वरवंट्याला कुंची घातली, आधी तो पाळण्यात गेला, मग भाची. दोघंही गप्प पडून होती.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर सासूबाई मागे आल्या. "हा नसला की पाणी नुसतं बदबदतं," म्हणाल्या. पदर खोचून त्यांनी स्वतःच वरवंटा पाण्यात ठेवला, कान देऊन ऐकलं, जरा डावीकडे सरकवला.

"लिही वहीत. हा सुटाच ठेवायचा. तुझ्या नातवंडांना लागेल."

मी लिहिलं. माझा धाकटा तेव्हा चौथीत होता.