फिरत्या टेबलावरची धडधड

चहाला बसलं की निलेश एक सांगतो, त्यावरून मला दुसरं आठवतं आणि आमच्या घाबरगुंडीच्या गोष्टींचा ढीग लागतो. आता हसतो, तेव्हा मात्र हसू येत नव्हतं! मी आणि माझा नवरा निलेश पेणला राहतो, वस्तूंचे फिरते फोटो काढतो. टेबल हळूहळू गोल फिरतं, समोर स्टँडवरचा कॅमेरा फोटो घेत जातो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला वस्तू फोनवर चहूबाजूंनी दिसते. ऐकायला सोपं. पण टेबलावर वस्तू दुसऱ्याची असते ना!

*

पहिलं काम दामूकाकांच्या गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती शाडूची, जरा धक्का लागला तर टवका उडणार. आमचं टेबल चांगलं दणकट होतं, तरी ते बघून काकांचा चेहरा उतरला.

निलेशला म्हणाले, "आधी तू बस."

"मी?"

"माझ्या गणपतीआधी तूच फिर!"

निलेश डोळे गच्च मिटून मांडी घालून बसला. सगळे कारागीर ब्रश खाली ठेवून बघत राहिले. एक फेरी झाली.

"चक्कर आली?" काकांनी विचारलं.

"नाय."

"मग त्यालापण येणार नाय. ठेवा!"

*

त्याच कारखान्यात फळ्यांवर मूर्तीच मूर्ती, मधे जेमतेम एका माणसापुरती वाट. पाठीवर कॅमेऱ्याची बॅग घेऊन मी वळले, तर मागून ओढ बसली.

दामूकाकांच्या बायको, काकू, किंचाळल्या, "हलू नको गो! बॅगेचा पट्टा सोंडेत अडकलाय!"

मी श्वाससुद्धा घेईना. काकूंनी अलगद पट्टा सोडवला.

"तुटली का हो?" मला रडूच फुटलं.

"नाय गो. त्यानं तुला धरलं, म्हणून बाकीचे वाचले!"

*

कोलाडला एकाने मधाच्या बाटल्यांसाठी बोलावलं. उजेड चांगला म्हणून अंगणात टेबल मांडलं. बाटली फिरायला लागली आणि घोंघावत मधमाश्याच आल्या! मी पळत घरात. निलेश कॅमेऱ्याला हात लावून तसाच उभा, पांढराफटक. एक माशी त्याच्या कानावर, एक बाटलीवर. बाटलीवरची फोटोत आली.

मी म्हटलं, "पुन्हा काढतो हां."

मालक म्हणाला, "छे! हाच ठेवा. मध खरा हाय ते तरी कळेल!"

*

आणि रोह्याचे शिमोनकाका, ज्यू. त्यांचे सगळे नातेवाईक इस्रायलला गेले, ते एकटे मागे राहिले. तिकडच्या बहिणीने, रिबकाआत्यांनी, हट्ट धरला होता. शुक्रवारी संध्याकाळी घरात लावतात तो काचेचा जुना दिवा त्यांना सगळ्या बाजूंनी बघायचा होता.

काकांनी दिवा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढेनात.

"पाठची बाजू कशाला? पुढून एक काढा, झालं."

काच फुटेल म्हणून घाबरलेत, असं मला वाटलं. निलेशने दिवा खालून मेणाने पक्का केला. तरी काका टेबलापासून हलेनात. दिवा पुरता फिरला, फोटो इस्रायलला गेले, आणि लगेच आत्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"शिमोन, तडा कुठाय? लहानपणी माझ्या हातून आपटला होता. आई मारील म्हणून ती बाजू मी भिंतीकडे फिरवून ठेवायचे."

काकांनी फोन छातीशी दाबला. मला कुजबुजत म्हणाले, "तो जुना फुटला गो माझ्या हातून. हा तसाच दुसरा मी मुंबईहून आणला. तिला सांगायची हिंमत नाय झाली."

मग फोन वर करून म्हणाले, "रिबका, ह्या पोरीच्या कॅमेऱ्यात तडे येत नायत!"

"खरं काय गो?" आत्या थेट माझ्याकडे बघत होत्या.

मी कॅमेऱ्याकडे बघत म्हटलं, "व्हय, आत्या."

आत्यांनी स्वतःच्या गालावरच्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं. काका माझा हात घट्ट धरून उभे.

मग आत्या म्हणाल्या, "तर मग माझापण एक फोटो काढायला ये गो!"